एकतीस वर्षांत एकही नाही

जिझेल दोन्ही पोरींना घेऊन कनेटिकटहून कायमची माहेरी आली, ते वर्ष दोन हजार चार. एप्रिल होता, नदीवरचा बर्फ नुकताच फुटला होता. गाडीच्या टपावर गाद्या बांधलेल्या, मागच्या सीटवर पोरी आणि त्यांच्या मध्ये शिवणयंत्र. एलोई मिशो अंगणात लाकडं फोडत होता. लेकीला बघून त्याने कुऱ्हाड खाली ठेवली. "जेवलात का?" एवढंच म्हणाला आणि शिवणयंत्र उचलून घरात घेऊन गेला.

त्याच वर्षी मेन राज्यात अस्वलांचा प्रश्न मतपत्रिकेवर आला. आमिष ठेवून, कुत्री सोडून किंवा सापळा लावून अस्वल मारायला बंदी घालावी का? हो की नाही? मतदान नोव्हेंबरात. दक्षिणेकडे, समुद्रकाठच्या गावांतून 'हो'च्या पाट्या लागल्या. आमच्या खोऱ्यात, कॅनडाच्या हद्दीला लागून, घरटी 'नाही'ची पाटी होती. एलोईच्या दारात दोन होत्या. दुसरी त्याचा धाकटा भाऊ नॉर्मां याने आणून ठोकली होती.

भावाभावांचा तळ्याकाठी शिकाऱ्यांचा तळ होता. लाकडी खोल्या सहा, मधे जेवणघर. उन्हाळ्यात मासे धरायला लोक यायचे, नोव्हेंबरात हरणांसाठी यायचे, पण तळ चालायचा तो अस्वलांच्या चार आठवड्यांवर. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरअखेर सगळ्या खोल्या भरलेल्या असत. जिझेल आली आणि तिने जेवणघर हातात घेतलं. आईच्या हाताची बकव्हीटची पिवळी धिरडी आणि मटार-सूप तिला येत होतंच. जुलैपर्यंत पाहुणे एलोईपेक्षा तिलाच जास्त ओळखायला लागले. तीन वर्षांत पोरगी पहिल्यांदा स्वयंपाक करताना गुणगुणते आहे, हे फर्नांदच्या, म्हणजे एलोईच्या बायकोच्या लक्षात आलं. तिने एलोईला ते सांगितलं. त्यालाही ते ऐकू आलेलं होतं.

अस्वलाचं काम जुलैच्या शेवटी सुरू होई. रानात झाडाला साखळीने बांधलेलं पिंप, त्याला खाली पंजा जाईल एवढं भोक. आत बेकरीचे शिळे डोनट, तळणाचं तेल, वरून काकवी. डोक्यावरच्या फांदीला बडीशेपेच्या तेलात बुडवलेली चिंधी टांगायची, म्हणजे वास मैलभर जातो. एक दिवसाआड, त्याच वेळेला, त्याच ट्रकने, त्याच माणसाने जायचं. महिन्याभरात अस्वलाला ट्रकचा आवाज कळतो, माणसाचा वास कळतो, आणि त्याची भीती जाते. मग समोरच्या झाडावर मचाण असतं, त्यावर पाहुणा बसतो.

एलोई पाहुण्याबरोबर स्वतः बसायचा. बाकीचे गाइड पाहुण्याला मचाणावर चढवून निघून जात. एलोईच्या खिशात त्याच्या आईची लाकडी जपमाळ असे. पिंपाशी अस्वल आलं की तो माळ काढी आणि ओठ न हलवता जपाला लागे. दहा मण्यांचे पाच फेरे. ते पुरे होईपर्यंत पाहुण्याने बंदुकीला हात लावायचा नाही, हा त्याचा नियम. कारण पिल्लंवाली मादी पिल्लांना आधी लांबच्या झाडावर चढवते, एकटी पिंपाशी येते, आणि सगळं ठीक आहे अशी खात्री झाली की हुंकार देऊन त्यांना खाली बोलावते. त्याला वेळ लागतो. पाच फेऱ्यांत पिल्लं आली नाहीत तर ती नाहीतच. मग एलोई पाहुण्याच्या गुडघ्यावर दोन बोटं टेकवी. ती खूण.

पिल्लंवाली मादी मारू नये असा कायदा नव्हता. हा फक्त एलोईचा नियम होता, आणि तो राज्यभरच्या गाइडांना माहीत होता.

"आमच्या तळावर अस्वलाला मरायच्या आधी पूर्ण प्रार्थना मिळते," नॉर्मां पाहुण्यांना सांगायचा. "आमच्या बापाला अर्धीच मिळाली होती, फादर उशिरा आले."

सप्टेंबरात एकदा न्याहारीला नॉर्मां आला आणि धिरड्याची गुंडाळी काकवीत बुडवत म्हणाला, "ऑक्टोबरात चर्चच्या हॉलमध्ये सभा आहे. दोन्ही बाजूंनी बोलायचं. आपल्याकडून तू."

"मी? मला कुठे बोलता येतं?"

"म्हणूनच तू. मी बोललो तर लोक म्हणतील धंद्यासाठी बोलतोय."

"तू धंद्यासाठीच बोलतोस."

"अरे, मग मी तेच तर म्हणतोय! तू उठायचं. एकतीस वर्षं गाइड आहे, पिल्लंवाली मादी एकही मेली नाही, का तर पिंपापाशी बघायला वेळ मिळतो, एवढंच सांगायचं. कुत्री लावली की कसला वेळ? पळत्या अस्वलावर झाडलं की कसला वेळ? झालं. बस खाली."

"खरंच आहे ते," फर्नांद म्हणाली.

एलोईने मान डोलावली. ते खरंच होतं. त्या दिवशी तरी.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ब्रूबेकर आला. पेनसिल्व्हेनियाचा निवृत्त दूधवाला शेतकरी, सत्तरीचा, ट्रॅक्टरच्या आवाजाने दोन्ही कानांनी अधू. हे त्याचं तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी त्याच्यापुढे तीन पिल्लंवाली मादी आली होती आणि त्याने एलोईच्या आधी स्वतःच बंदूक खाली ठेवली होती. दुसऱ्या वर्षी काहीच आलं नाही. एलोईला तो माणूस आवडायचा. येताना तो जिझेलच्या पोरींसाठी घरच्या चीजचा मोठा तुकडा घेऊन आला होता.

सोमवार ते शुक्रवार पिंपाशी फक्त रॅकून आले. शनिवार शेवटचा. त्या दिवसानंतर आमिषावर शिकार बंद, पिंपं उचलायची.

सकाळी नॉर्मां ट्रकला टेकून उभा होता. "म्हाताऱ्याला तिसऱ्यांदा रिकामा पाठवलास तर पुढच्या वर्षी तो हद्दीपलीकडे न्यू ब्रन्सविकला जाईल. आणि त्याचे तीन मित्र त्याच्यामागे जातील."

"अस्वल मी आणू का पाठीवरून?"

"आलेलं घालवू नकोस म्हणजे झालं. अस्वल थांबेल तुझ्या प्रार्थनेसाठी. सूर्य थांबत नाही."

संध्याकाळी उजेड उतरू लागला तेव्हा अस्वल आलं. मोठं, काळं, अंगावर हिवाळ्याची चरबी धरलेलं. पिंपाशी आलं, मागच्या पायांवर बसलं, पंजा घालून डोनट काढू लागलं. एलोईने माळ काढली. पहिला फेरा. दुसरा. ब्रूबेकर शहाण्या पोरासारखा मांडीवर हात ठेवून बसला होता, पण सारखा उतरत्या उजेडाकडे बघत होता. गोळी झाडायची कायद्याची वेळ संपायला दहा मिनिटं होती. फार तर.

तिसरा फेरा चालू असताना अस्वलाने खाणं थांबवलं. मान वळवून मागे, चाळीस पावलांवरच्या हेमलॉकच्या मोठ्या झाडाकडे बघितलं. एकदाच. मग पुन्हा पंजा पिंपात घातला.

त्या बघण्याचा अर्थ एलोईला माहीत होता. एकतीस वर्षांत त्याने ते शंभरदा पाहिलं असेल. आणि त्या क्षणाला त्याच्या मनात आलं, की वाऱ्याने फांदी हलली असेल, म्हणून बघितलं. वारा नव्हता. तिसऱ्या फेऱ्याचा शेवटचा मणी त्याच्या बोटांत होता. त्याने ब्रूबेकरच्या गुडघ्यावर दोन बोटं टेकवली.

गोळी बरोबर बसली. अस्वल आठ-दहा पावलं गेलं आणि पडलं. धूर विरायच्या आत हेमलॉकच्या झाडावरून रडणं सुरू झालं. लहान मूल पाळण्यात एकटं पडल्यावर रडतं तसं, आणि ते एकाचं नव्हतं.

ब्रूबेकरने कानातली बोळी काढली. "काय आवाज येतोय का रे? की माझ्याच कानात वाजतंय?"

"साळिंदर," एलोई म्हणाला. "या दिवसांत ती ओरडतात."

साळिंदरं ओरडतात हे खरं आहे. ब्रूबेकरने मान हलवली, टोपी काढली आणि डोळे पुसले. "तिसऱ्या वर्षी, एलोई. माझी बायको विश्वास ठेवणार नाही." त्याने एलोईचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. एलोईने तो हलवू दिला.

सोलायचं काम एरवी नॉर्मां करायचा. त्या रात्री एलोई म्हणाला, मी करतो. शेडमध्ये त्याने अस्वलीण उताणी केली. स्तनांभोवतीचे केस झडलेले होते, चोखून चोखून. दूध आटत आलं होतं, पण दाबल्यावर बोटाला लागलं. तो सुरीने तेवढा भाग काढून टाकत होता, तेवढ्यात फर्नांद गरम पाण्याची बादली घेऊन आली. तिने बादली खाली ठेवली. वाकून बघितलं.

"किती?" तिने विचारलं.

"दोन असावीत."

"तुझी माळ?"

"तीन फेरे झाले होते."

फर्नांदने कमरेच्या एप्रनला हात पुसले, ओले नव्हते तरी. "नॉर्मांला नको सांगूस. तो चार लोकांत बोलून बसेल." मग दाराशी जाऊन थांबली. "जिझेलला तर नकोच. ती आता कुठे..." बंदी आली तर जेवणघर बंद, आणि जेवणघर बंद झालं तर पोरगी पुन्हा कुणाच्या तरी दाराशी.

ब्रूबेकर रविवारी मांस, कातडं आणि जिझेलने बांधून दिलेली धिरडी घेऊन गेला. जाताना म्हणाला, पुढच्या वर्षी तिघांना घेऊन येतो.

त्याच दिवशी एलोईने पिंप उचललं. हेमलॉकखाली गेला तेव्हा पिल्लं वरच्या फांद्यांत होती, एकमेकांना चिकटून. आईने चढायला सांगितलं होतं, उतरायला कुणी सांगितलं नव्हतं. पिल्लं खाली बघत होती, आणि एलोईच्या वासाने वर सरकली नाहीत. महिनाभर तो वास डोनटांबरोबर आलेला होता.

पिल्लं पहिला हिवाळा आईच्या बिळात काढतात. सरकारी तज्ज्ञ सांगतात की शरदात आई गेली तरी पिल्लं जगू शकतात. एलोईने हे स्वतः पाहुण्यांना सांगितलेलं होतं. आता तो ते स्वतःला सांगत ट्रकपर्यंत आला, आणि ट्रकमधून उरलेली डोनटांची बादली घेऊन परत गेला.

आता तिथे खाणं टाकणं हा गुन्हा होता. शिकारीवर नजर ठेवणाऱ्या वॉर्डनला दिसलं असतं तर त्याचं लायसन्स गेलं असतं. तरी तो एक दिवसाआड जात राहिला. दुसऱ्या आठवड्यात पिल्लू एकच उरलं. दुसऱ्याचं काय झालं ते त्याला कधी कळलं नाही. झाडाभोवती त्याने पुष्कळ शोधलं. उरलेलं पिल्लू त्याचा ट्रक थांबला की झाडावरून उतरायला लागे. दार लावायच्या आवाजापर्यंतही ते थांबत नसे.

सभा ऑक्टोबरच्या मध्यावर, रविवारी प्रार्थनेनंतर, चर्चच्या हॉलमध्ये भरली. खुर्च्या पुरल्या नाहीत. जिझेल मागे कॉफीच्या मोठ्या भांड्यापाशी उभी होती, तिच्या दोन्ही पोरी कप मांडत होत्या. फादर अध्यक्ष होते. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, "माझ्याकडे दर सप्टेंबरात अस्वलाची एक मांडी येते, हे मी आधीच कबूल करतो. म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको." लोक हसले.

'हो'च्या बाजूने आमच्या गावातलं एकच माणूस उठलं. इडा लेव्हेस्क. छत्तीस वर्षं गावच्या शाळेत शिकवलेलं, त्यामुळे हॉलमधली अर्धीअधिक माणसं तिच्या हाताखालून गेलेली. सगळे तिला बाईच म्हणत. कोटाला 'हो' लिहिलेला गोल बिल्ला.

"मी शिकारीच्या विरुद्ध नाही," बाई म्हणाल्या. "माझे वडील हरणं मारायचे, तेच खाऊन मी वाढले. पण ते हरणाच्या मागे गेले, हरणाला जेवायला बोलावलं नाही. तुम्ही महिनाभर एखाद्याला जेवू घालता. तुमच्या वासाची भीती घालवता. मग तो ताटावर बसलेला असताना मारता. याला मी काय नाव देऊ?"

"बाई, तुमच्या कोंबड्यांना काय नाव देता?" नॉर्मां बसल्या जागेवरून म्हणाला. "त्यांना तर तुम्ही वर्षभर जेवू घालता!"

हॉल हसला. बाईही थोड्या हसल्या. "नॉर्मां, तू चौथीतही असाच मधे बोलायचास, आणि उत्तर तेव्हाही चूकच असायचं. कोंबडी माझी आहे. तिला कोल्ह्यापासून मी राखते. अस्वल कुणाचं आहे?"

"अस्वल माझा मका खातं तेव्हा माझंच असतं," कुणीतरी मागून ओरडलं.

"मका खातं तेव्हा मार ना. मी कुठे नाही म्हणते?"

बोलणं तापलं. लाकडाच्या गिरणीतला एकजण म्हणाला, दक्षिणेकडच्या लोकांनी अस्वल फक्त खेळण्यांच्या दुकानात पाहिलंय. दुसरा म्हणाला, आमिष बंद केलं तर या दाट रानात अस्वल दिसणारच नाही, मग लोक घाईत झाडतील आणि जखमी अस्वलं रानात मरायला जातील. यात तथ्य होतं, आणि बाईंनी ते मान्य केलं. फादर म्हणाले, "एलोई, तू काही बोलणार होतास."

एलोई उठला. नॉर्मांने लिहून दिलेला कागद त्याच्या खिशात होता. तो काढायच्या आत बाई वळल्या.

"एलोई, थांब. मला तुझं भाषण नको. मला एकच गोष्ट हवी आहे. तुम्ही सगळे म्हणता की पिंपापाशी बघायला वेळ मिळतो, म्हणून पिल्लंवाली मादी मरत नाही. बाकीच्यांचं मला माहीत नाही. पण तुझं नाव मी ऐकून आहे. तुझ्या माळेचं ऐकून आहे. एकतीस वर्षांत तुझ्या पिंपावर पिल्लंवाली मादी एकही मेली नाही, हे खरं आहे? तू हो म्हणालास तर मी खाली बसते. आणि नुसती बसत नाही. मी 'नाही'वर मत देईन. कारण मग हे नीट करता येतं असं मला मानावं लागेल."

कॉफीच्या भांड्याचा उकळण्याचा आवाज तेवढा येत होता. एलोईने मागे बघितलं. जिझेल कप पुसायचं फडकं हातात धरून त्याच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. बापाकडे बघताना असतो तसा अभिमान होता, आणि भीती असती तर कदाचित त्याला बरं झालं असतं. फर्नांद पहिल्या रांगेत मांडीवरच्या पर्सकडे बघत होती.

"खरं आहे," एलोई म्हणाला. "एकतीस वर्षांत एकही नाही."

बाईंनी मान हलवली. कोटावरचा बिल्ला काढला, त्याची पिन नीट लावली, पर्समध्ये टाकला आणि त्या खाली बसल्या. टाळ्या सुरू झाल्या. नॉर्मांने एलोईच्या पाठीवर एवढ्या जोराने थाप मारली की तो पुढच्या खुर्चीवर आदळला.

घरी जाताना गाडीत फर्नांद पर्सची कडी उघडत-लावत बसली. जिझेल मात्र बोलत होती. "पापा, बाईंनी बिल्ला काढला, बघितलंत ना? बाईंनी! मला भूमितीत एक अर्धा गुण वाढवून दिला नव्हता त्यांनी."

नोव्हेंबरच्या दोन तारखेला मतदान झालं. बंदीचा प्रस्ताव हरला. तळावर शॅम्पेन नव्हती, सफरचंदाची दारू होती. नॉर्मां टेबलावर चढून नाचला. एलोईने एक ग्लास घेतला आणि लवकर झोपायला गेला.

मग हरणांचे पाहुणे आले आणि सहाही खोल्या भरल्या. पहाटेपासून काम. हेमलॉककडे जायला एलोईला सवड मिळेना. आठ दिवस झाले. त्याने स्वतःला सांगितलं की एव्हाना ते बिळात गेलं असेल. त्याला माहीत होतं की गेलं नसणार. खाणं मिळत राहिलं तर अस्वल बिळात जात नाही, बाहेरच राहतं. आणि खाणं त्यानेच घातलं होतं.

तेरा तारखेला, शनिवारी, दुपारी पिल्लू तळावर आलं. एलोई गोदामात होता. ट्रकच्या मागच्या भागात अजून काकवीचा वास होता, पिल्लू त्यावर चढून फळ्या चाटत होतं. जिझेलच्या पोरी अंगणात बर्फ खेळत होत्या. धाकटी ओरडली नाही, उलट हात पुढे करून चालत निघाली. पिल्लूही पळालं नाही. ते ट्रकवरून उतरून तिच्याकडे आलं. नॉर्मां जेवणघराच्या पायरीवर होता, बंदूक दाराशीच होती. त्याने पोरीला मागे हो म्हणून ओरडून सांगितलं आणि गोळी घातली.

एलोई धावत आला तेव्हा जिझेल धाकटीला छातीशी धरून उभी होती.

"बघ याच्याकडे," नॉर्मां म्हणाला. तो घाबरलेला होता आणि म्हणून चिडलेला. "पळालं नाही! माणसाला बघून पळालं नाही! कुठला तरी मूर्ख याला खायला घालतोय. सापडू दे मला, वॉर्डनच्या हातात देतो."

"मी घालत होतो," एलोई म्हणाला.

"काय?"

"याची आई ब्रूबेकरने मारली. मी खूण केली म्हणून. मला माहीत होतं पिल्लं आहेत ते. तिने मागे वळून बघितलं होतं."

नॉर्मांने बंदूक पायरीला टेकवली. जिझेल बापाकडे बघत राहिली. धाकटी आजोबाला म्हणाली, "पेपेर, ते मेलं का?"

"पण तुम्ही तर हॉलमध्ये..." जिझेल म्हणाली.

"हो."

"माझ्यामुळे?"

"तुझ्यामुळे नाही. मी बोललो, मीच बोललो."

"झालं ते झालं," नॉर्मां म्हणाला. "मतदान झालंय. आता तोंड उघडून कुणाचं भलं होणार? सगळ्या खोऱ्याचं हसं होईल. एलोई, ऐकतोयस का?"

एलोई ट्रकमध्ये बसून निघालेला होता.

इडा लेव्हेस्क घराच्या पायाभोवती फर झाडाच्या फांद्या रचत होत्या, हिवाळ्याचा वारा फरशीखालून येऊ नये म्हणून. एलोई टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. तीन फेरे, मान वळवणं, साळिंदर, सुरी, डोनट, नुकतंच मेलेलं पिल्लू. बाई हातातली फांदी तशीच धरून ऐकत राहिल्या.

"मी 'नाही'वर मत दिलं," त्या शेवटी म्हणाल्या.

"माहीत आहे, बाई."

"माझ्या एका मताने निकाल फिरला नसता. एवढं गणित मला येतं." त्यांनी फांदी भिंतीशी दाबून बसवली. "पण ते एकच होतं, एलोई, आणि ते माझं होतं."

एलोई ढिगातली एक फांदी उचलून पुढे झाला.

"ठेव ती. माझं मी करते." मग पुढची फांदी उचलत, त्याच्याकडे न बघता, "हे मला एकटीला सांगून भागणार नाही. तू हॉलमध्ये बोललास, दोनशे लोकांपुढे. मी कुणाला सांगणार नाही. सांगायचं ते तुझं आहे. सांगशील?"

"सांगेन, बाई."

"केव्हा?"

"नाताळच्या प्रार्थनेनंतर. सगळे असतात तेव्हा."

नाताळला फार बर्फ पडला आणि निम्मे लोक आलेच नाहीत. मग एलोई म्हणाला, ईस्टरला. ईस्टरला जिझेलने जेवणघराला नवा ओटा करून घेतला होता, पाहुण्यांची नावं येत होती, ब्रूबेकरने तिघांसाठी पत्र पाठवलं होतं. एलोई म्हणाला, उन्हाळा जाऊ दे. त्याने लायसन्स मात्र पुन्हा काढलं नाही. कुणी विचारलं तर गुडघे दुखतात म्हणायचा. मचाणावर आता जिझेल बसायला लागली होती, आणि ती पाचही फेरे पुरे करायची, कधी कधी सहावाही. त्यावरून ती बापाशी कधीच बोलली नाही.

बाई दर रविवारी तिसऱ्या बाकावर असत. प्रार्थना संपली की बाहेर पडताना एलोईशेजारून जात. त्यांनी पुन्हा एकदाही विचारलं नाही. फक्त क्षणभर थांबत, त्याच्याकडे बघत, आणि तो टोपीची कड चाचपत राही. मग त्या "बरं आहे, एलोई," म्हणून पुढे जात. असं चार वर्षांहून जास्त चाललं. गावात लोक अजूनही म्हणत, एलोईने बाईंचं मन वळवलं, असा सच्चा माणूस.

इडा लेव्हेस्क दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत, सोळा तारखेला, छातीच्या दुखण्याने वारल्या. तोपर्यंत एलोईने सांगितलेलं नव्हतं, आणि त्यानंतरही सांगितलं नाही. एलोई मिशो दोन हजार अकराच्या मे महिन्यात, पाच तारखेला वारला.